तीन टोले आणि एक

मित्रांनो, सगळे मला घंटा म्हणतात आणि दर वेळी मी चमकतो. घंटा कशी असते? पितळेची, गोल, पोटात लोलक लोंबणारी. माझ्याकडे यातलं एकही नाही. मी आगगाडीचा रूळ आहे, आणि तोही अख्खा नाही, हातभर लांबीचा तुकडा. डोक्याशी एक भोक, भोकात साखळी आणि शेजारी खिळ्याला अडकवलेली एक लोखंडी सळई. ती माझ्यावर आपटली की जो आवाज निघतो, त्याला तुम्ही घंटा म्हणता. म्हणा बापडे.

टोले खाणं हा माझा धंदाच आहे. अंग झणझणतं, मग थांबतं. पण धक्का बसतो तेव्हा सळई लागत नाही, आणि झणझण थांबत नाही. तसे धक्के मी खाल्लेत, आणि ते कसे खाल्ले हेच तुम्हाला सांगायचंय.

भट्टीत मी लालबुंद होतो म्हणे. मला आठवत नाही. आठवतं ते इंदूरहून महूकडे जाणाऱ्या छोट्या लाइनवर उताणं पडून आभाळ बघणं. वरून गाडी गेली की पोटात धडधड, नाहीतर दिवसभर शेळ्या. एक दिवस तपासायला आलेल्या माणसाला माझ्यात केसाएवढा तडा सापडला. झालं. माझे तुकडे झाले. बाकीचे तुकडे कुठे गेले ते मला आजही ठाऊक नाही. मी तेवढा एका कापडाच्या मिलमध्ये येऊन टांगला गेलो.

तेही कुठे, तर साचा खात्याच्या दारात. साचे म्हणजे कापड विणायचे माग. असे चारशे साचे एकाच छताखाली रांगेने उभे, आणि सगळे एकदम चालू. त्या आवाजाची कल्पना तुम्हाला येणार नाही. बाहेर मिलचा भोंगा वाजला की सगळं शहर त्यावर घड्याळ लावायचं, पण आत त्या भोंग्याची डाळ शिजायची नाही. साच्यांच्या आवाजातून पार जायचा तो फक्त माझा. त्यांचा आवाज जाड, भरडलेला. माझा बारीक आणि टोकदार. दाभणासारखा आरपार जायचा.

मला वाजवायचा हक्क एकाच माणसाचा होता, कृष्णराव जॉबरांचा. जॉबर म्हणजे एका रांगेतल्या साच्यांचा आणि ते चालवणाऱ्या माणसांचा मुकादम. उंच, ताठ, मिशा नीट कातरलेल्या. त्यांचे पणजोबा होळकरांच्या फौजेत होते आणि ती चाल यांच्या पायांत उतरली होती. पाळी बदलायची वेळ झाली की ते सळई उचलायचे. ठण्, ठण्, ठण्. मग एक श्वास थांबायचे. मग ठण्. तीन टोले आणि एक. तीन ऐकले की जाणाऱ्या पाळीने साच्यावरून हात काढायचा, एक ऐकला की येणाऱ्या पाळीने हात ठेवायचा. मधल्या एका श्वासात साचा ना याचा, ना त्याचा. तेवढा एक श्वास फक्त माझा.

आणि एक गंमत सांगतो. एवढ्या गोंगाटात तोंडाने बोलणार कोण? म्हणून साचा खात्यातली माणसं हातांनी बोलायची. अंगठा ओठाला लावला की चहा. कपाळाशी टोपीची कड धरल्यासारखं केलं की साहेब येतोय, सांभाळा. दोन मुठी एकमेकींभोवती फिरवल्या की पाळी बदलली. आणि एका मुठीवर दुसऱ्या हाताचा तळवा दाबला की साचा बंद पडलाय, जॉबर, या. हा शेवटचा इशारा झाला की कृष्णराव हातातला चहा तसाच ठेवून निघायचे. कोणाचा साचा आहे, त्या माणसाशी काल भांडण झालंय का, काही बघायचे नाहीत. जॉबरला तो इशारा टाळता येत नाही, हा खात्याचा कायदा होता. कुठे लिहिलेला नव्हता, पण होता.

माझी चैन होती, मित्रांनो. अनंत चतुर्दशीला मिलची झांकी, म्हणजे चित्ररथ, निघायची, रंगीत दिव्यांनी लखलखलेली, एका वर्षी लोकांनी मलाही तिच्यावर चढवलं होतं. गळ्यात झेंडूची माळ. रुळाच्या तुकड्याला झेंडूची माळ. मी दोन दिवस कोणाशी नीट वाजलो नाही.

मग शहरातली एकेक मिल बंद पडायला लागली. आज ही, सहा महिन्यांनी ती. आमची पडणार नाही असं आमच्या खात्यात सगळ्यांचं ठाम मत होतं. का पडणार नाही, ते मात्र कोणी सांगत नव्हतं.

त्र्याण्णव साली एका दुपारी तीन वाजले आणि मला कोणी मारलं नाही.

तुम्हाला वाटेल, यात एवढं काय? पण विचार करा, तुम्ही वर्षानुवर्षं रोज तीन वाजता बोलता, आणि एक दिवस तीन वाजतात, सव्वातीन वाजतात, आणि तुमच्या तोंडातून शब्दच निघत नाही. साचे गप्प होते. एवढी शांतता मी पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि त्या शांततेत मला फाटकाबाहेरची माणसं ऐकू येत होती. दुपारच्या पाळीची. डबे घेऊन आलेली. फाटकाला कुलूप होतं आणि कुलपाशेजारी कागद चिकटवलेला होता. कोणीतरी तो मोठ्याने वाचत होतं, आणि वाचून झालं की दुसरं कोणीतरी म्हणत होतं, परत वाच. असं संध्याकाळपर्यंत चाललं.

दोन वर्षं माझ्यावर धूळ बसली. मग ट्रक आले आणि साचे मोडीत निघाले. कृष्णराव फाटकाशी येऊन उभे राहिले होते. त्यांनी मोडीवाल्याकडे फक्त मला मागितलं, सळईसकट. तो हसून म्हणाला, "ले जाओ दादा, पर इसका करोगे क्या?" ते कृष्णरावांनाही माहीत नव्हतं. त्यांनी मला सायकलच्या कॅरिअरला बांधलं आणि मिलसमोरच्या गल्लीत, आपल्या दोन खोल्यांच्या घरी आणलं.

तिथे माझं काय झालं ते ऐकून हसू नका. कृष्णरावांची बायको शांताबाई घरी पापड लाटत. त्यांनी मला राखेने घासून लख्ख केलं, तेलाचा हात लावला, आणि पापडाचं पीठ कुटायला घेतलं. झांकीवर चढलेला मी, माझ्या अंगाला हिंगाचा वास यायला लागला. पण खरं सांगू, त्या घरात आवाज करणारा मी एकटाच उरलो होतो. साच्यांनी कृष्णरावांचे कान निम्मे नेले होते, बोलणं मिल बंद झाल्यावर गेलं. आणि त्यांची मुलगी अनुश्री, सातवीतली, ती बापासारखी मुकी होत चालली होती. बोललीच तर ओठांतल्या ओठांत. ते तिच्या बाबांना ऐकूच यायचं नाही, म्हणून ती आणखी हळू बोलायची. शाळेत हात वर करून तिला वर्ष झालं होतं. तिमाहीत दोन विषय गेले. एका संध्याकाळी कृष्णरावांनी शांताबाईंना सांगून टाकलं की दिवाळीनंतर मुलीचं शाळेतून नाव काढायचं आणि तिला देपालपूरला आत्याकडे पाठवायचं. तिथे घरात मदत होईल, इथे वर्गात बसून तरी काय करते? अनुश्री पापड वाळत घालत होती. तिने ऐकलं, आणि पापड सरळ करत राहिली.

आता त्या शाळेचं सांगतो. गल्लीच्या तोंडाशी मराठी शाळा, दुपारची. सातवीचा वर्ग माडीवर आणि त्याची खिडकी थेट मिलच्या फाटकावर उघडते. मिल बंद झाल्यापासून वर्ग ओसरत चालला होता. कोणाचे वडील बेटम्याला मजुरीला, कोणाचे मंडीत हमाल, आणि पोरं कुठे कुठे कामाला. हजेरीत चौदा नावांपुढे बरोबरची खूण व्हायची. त्या वर्षी विनीता बाई नव्या आल्या. बड्या गणपतीच्या भागातून टेम्पोने यायच्या, आणि खांद्यावरच्या झोळीत पुस्तकं कमी आणि सामान जास्त. चिंचोके, कवड्या, काडेपेट्यांची खोकी, लुडोचे फासे.

त्यांनी बाकं भिंतीला सारली आणि खोलीत पाच कोपरे केले. खोलीला चारच कोपरे असतात हे पोरांनी लक्षात आणून दिलं, तर म्हणाल्या पाचवा खोलीच्या मधोमध. एका कोपऱ्यात सापशिडी, पण फासा टाकायच्या आधी भागाकार करायचा. एकात लंगडी घालत दशांश चिन्ह ओलांडायचं. एकात चिठ्ठ्या ओढून दिलेल्या शब्दाचं वाक्य, एकात काडेपेट्यांचं दुकान. प्रत्येक गटाने एका कोपऱ्यात आठ मिनिटं खेळायचं, मग पुढच्या कोपऱ्यात सरकायचं, असा पूर्ण फेरा. पाचवा कोपरा त्यांनी मुद्दाम रिकामा ठेवला होता. तो खेळ मुलांनी स्वतः शोधून आणायचा.

शाळेत खेळतात ही बातमी गल्लीत फिरायला दोन दिवससुद्धा लागले नाहीत. आठवड्यात चौदाची एकतीस मुलं झाली. पण अडचण अशी झाली की आठ मिनिटं संपली हे सांगायचं कसं? बाईंच्या टाळ्या कोणाला ऐकू जाईनात. शिटी आणली, ती पहिल्याच दिवशी गोंगाटात बुडाली. तिसऱ्या दिवशी बाईंचा घसाच बसला. त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं, की काय करायचं आता?

आणि अनुश्रीचा हात वर गेला. म्हणाली, "बाई, आमच्याकडे रूळ आहे."

तिची मैत्रीण शर्वरी हे गल्लीभर सांगत फिरली, की अनुश्री बोलली, माझ्या शेजारी बसून बोलली, मी स्वतः ऐकलं. शर्वरीचे वडील तुकोजी साचा खात्यातलेच, आणि मुलगी अशी की दोन साच्यांएवढी बोलायची. दुसऱ्या दिवशी या दोघींनी मला गव्हाच्या पिशवीत घालून, थांबत थांबत, माडीवर चढवलं. शांताबाईंना सांगितलं होतं. कृष्णराव घरी नव्हते.

मला दाराच्या चौकटीला टांगलं तेव्हा माझ्या अंगाला हिंगाचा वास येत होता आणि एकतीस मुलं माझ्याकडे बघत होती. मी किती वर्षांनी लटकलो होतो! सळई अर्थातच अनुश्रीच्या हातात. तिला वाजवायला कोणी शिकवलं नव्हतं. पण लहानपणी ती बाबांचा डबा घेऊन खात्याच्या दारापर्यंत यायची, माझ्या खाली उभी राहायची. तिच्या कानात एकच चाल बसलेली होती. बाईंनी घड्याळ बघून मान हलवली. पहिली आठ मिनिटं संपली होती.

ठण्, ठण्, ठण्. एक श्वास. ठण्.

"पाळी बदला!" अनुश्री ओरडली. बाईंनी सांगितलं होतं, गट बदला म्हण. पण तिच्या तोंडून तेच निघालं. पोरं खो-खो हसली आणि कोपरे बदलायला धावली, पाळी बदला, पाळी बदला करत. मी आनंदाने नुसता घुमत होतो. घड्याळात तीन वाजलेत हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

मग खिडकीशी असलेला गट एकदम गप्प झाला.

समोरच्या ओट्यावरून एक माणूस उठला होता. मग शेजारच्या घरातून एक. मग दारं उघडायला लागली. कोणी अनवाणी, कोणी अर्ध्या बाहीत हात घातलेला. तुकोजी दाढी करत होते, ते एका गालाला साबण तसाच घेऊन धावत आले. चार-पाच जणांच्या हातांत डबे होते. रिकामे असणार, पण हाताने उचललेच. पन्नास-साठ माणसं मिलच्या फाटकाकडे चालली होती, आणि कोणी तोंडाने बोलत नव्हतं. ते हातांनी विचारत होते. दोन मुठी एकमेकींभोवती फिरत होत्या. पाळी? आणि पलीकडून उत्तर, मुठी फिरवतच. पाळी.

सगळ्यांच्या पुढे कृष्णराव. ती जुनी ताठ चाल. फाटकाशी जाऊन त्यांनी कुलूप हातात धरलं. कुलूप तेच होतं. ते तसेच उभे राहिले, कुलूप हातात धरून, जणू ते उघडायला थोडा वेळ लागतोय एवढंच.

मग ते वळले आणि वर बघितलं. खिडकीत मुलं. कोणाची तरी मुलगी, कोणाचा तरी मुलगा, सगळे आपापल्या बापाकडे बघत. आणि मध्ये अनुश्री, हातात सळई.

खालून तुकोजींनी विचारलं, "जॉबरजी, बजाया किसने?"

मित्रांनो, मला तडा गेला तेव्हा, माझे तुकडे झाले तेव्हा, त्या फाटकावर कागद लागला तेव्हा, मी हादरलो होतो. पण त्या सगळ्या वेळी ते दुसऱ्या कोणीतरी केलं होतं. हे मी केलं होतं. माझ्या आवाजाने साठ माणसांना घरातून उठवून कुलपापाशी नेऊन उभं केलं होतं. माझा आवाज खोटं बोलला होता.

कृष्णराव माडी चढून वर आले. विनीता बाई चूक झाली असं काहीतरी म्हणाल्या, ते त्यांना ऐकू आलं नसावं. ते सरळ माझ्यापाशी आले. माझं अंग अजून बारीक थरथरत होतं, कोणाला दिसणार नाही इतकं. त्यांनी तळहात माझ्यावर ठेवला. थरथर थांबेपर्यंत ठेवला. मग मुलीकडे न बघता म्हणाले, "हे खेळणं नाही, अनु."

आणि खाली उतरून गेले.

त्यानंतर मोठ्या बाई आल्या, मनोरमाबाई, शाळेच्या मुख्याध्यापिका. त्या वाईट नव्हत्या, पण घाबरल्या होत्या. हा वर्ग आहे का जत्रा, असं त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट बघितली नाही. म्हणाल्या, फेरा बंद करायचा असेल तर करा, चालवायचा असेल तर आवाज बाहेर जाता कामा नये, आणि हा रूळ परत वाजलेला मला ऐकू यायला नको. शिपायाने माझ्याभोवती गोणपाटाची बोरी गुंडाळली, सुतळीने करकचून बांधली. शर्वरीने तेवढ्यात आणखी एक बातमी आणली. अनुश्रीच्या बाबांनी दिवाळीपर्यंत थांबायचं रद्द केलंय. सोमवारी येऊन नाव काढणार आहेत.

बोरीच्या विणीतून दिसतं, बरं का. धुरकट दिसतं, पण दिसतं.

दुसऱ्या दिवशी पोरं बाकांवर मुकाट बसली होती. त्यांनी बापांना डबे घेऊन परत फिरताना बघितलं होतं. विनीता बाईंनी दुपारभर धडा शिकवला. शेवटी त्यांनाच राहवलं नाही. त्यांनी विचारलं, आवाज न करता कोपरे बदलता येतील का कोणाला? येत असतील तर कसे?

मग अनुश्री उभी राहिली. तोंड उघडलं नाही. दोन मुठी पुढे धरल्या आणि एकमेकींभोवती फिरवल्या.

एकतीसच्या एकतीस मुलं उठली. बाई बघतच राहिल्या. त्यांना काय कळणार? त्या बड्या गणपतीच्या. पण ही पोरं साचा खात्याची होती. घरी बाप भात वाढायला सांगायचा तो हाताने, चहा मागायचा तो अंगठ्याने. आणि मी, बोरीच्या आत, थक्क. मला वाटत होतं ती भाषा साच्यांबरोबर ट्रकमध्ये भरून गेली. ती इथे, या माडीवर, चिंचोक्यांमध्ये चालली होती. कोणाचा भागाकार चुकला की शेजारचा कपाळाशी टोपीची कड धरायचा. साहेब आला, सांभाळ. पोरं तोंड दाबून हसायची. पाचवा कोपराही भरला. अनुश्रीने मोडक्या खिडकीच्या एका सुट्या चौकटीला खिळे ठोकले, आठ उभे धागे ताणले, सात आडवे घालायचे ठरवले. जितक्या ठिकाणी धागे एकमेकांना भेटतात तितकं उत्तर. सातवीच्या पोरांना आठाचा पाढा येत नव्हता, तो त्यांच्या बोटांत उतरायला लागला. कोपऱ्याचं नाव अर्थातच साचा.

सोमवारी कृष्णराव आले. इस्त्रीचा सदरा, खिशात घडी केलेला अर्ज. मोठ्या बाई कुठे दिसेनात म्हणून ते जिना चढून वर्गाकडे आले, आणि दारातच थबकले. आवाज नव्हता. एवढी मुलं आणि आवाज नाही, हे त्यांच्या निम्म्या कानांनाही खटकलं असावं. त्यांनी आत बघितलं. त्याच वेळी त्यांची मुलगी खोलीच्या मधोमध उभी राहिली, दोन मुठी फिरवल्या, आणि एकतीस मुलं एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सरकली. कोणी कोणाला आपटलं नाही. कोणी मागे राहिलं नाही. खात्यात पाळी बदलायची, अगदी तशी.

मी त्यांच्या डोक्याशेजारीच लटकत होतो. ते श्वास घ्यायचे थांबलेत हे मला कळत होतं.

अनुश्रीने त्यांना बघितलं. खिशातून डोकावणारा कागद बघितला. तिच्या कोपऱ्यात दोन पोरांनी धाग्यांचा गुंता करून ठेवला होता, तीन धागे तुटून लोंबत होते. तिने गुंत्याकडे बघितलं, बापाकडे बघितलं. डाव्या हाताची मूठ केली आणि तिच्यावर उजवा तळवा दाबला.

साचा बंद पडलाय. जॉबर, या.

दाराची चौकट धरलेला कृष्णरावांचा हात सुटला. मी आधीच सांगितलंय, तो इशारा जॉबरला टाळता येत नाही. ते पोरांमधून वाट काढत गेले आणि चौकटीपुढे गुडघ्यांवर बसले. बोटं आपोआप चालायला लागली. तुटलेल्या दोन टोकांची गाठ त्यांनी एका झटक्यात मारली, इतकी बारीक की शोधून सापडेना. दुसरी, तिसरी. पोरं जमा झाली. मग त्यांनी पोरं आडवा धागा कशाने घालतात ते बघितलं. पेन्सिलीला गुंडाळून. त्यांनी मान हलवली, हे चालायचं नाही. धोटा पाहिजे. साच्यात धागा घेऊन इकडून तिकडे पळतो तो धोटा, होडीच्या आकाराचा. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि खिशातला कागद काढला.

क्षणभर तो त्यांच्या हातात तसाच राहिला. मग त्यांनी त्याची घडी घातली. पुन्हा घडी. कडा दुमडल्या, दोन्ही टोकं दाबून निमुळती केली. होडीसारखा धोटा झाला. त्यात धागा भरून त्यांनी तो मुलीच्या हातात दिला. सातवा आडवा धागा तिने स्वतः घातला. धोट्याच्या बाजूवर शाईत तिचं नाव दिसत होतं, अर्जातलं. तिने ते वाचलं आणि धोटा पुढे ढकलला.

कृष्णरावांनी बोटं झटकून हाताने विचारलं, किती?

"छप्पन," अनुश्री नेहमीसारखं ओठांत म्हणाली.

त्यांनी कानामागे हात धरला.

"आठ उभे, सात आडवे. छप्पन, बाबा!"

खाली ऑफिसात मोठ्या बाईंनी मान वर केली असेल, एवढ्या मोठ्याने. कृष्णराव हळूच म्हणाले, "ऐकू आलं."

जाताना ते माझ्यापाशी थांबले. सुतळीची गाठ सोडली, बोरी काढली. बोटाने माझ्यावरचा एक गंजाचा ठिपका खरवडला. सळई मुलीच्या हातात दिली आणि म्हणाले, "उलटं वाजवायचं. आधी एक, मग तीन. म्हणजे गल्लीत कोणाला उठावं लागणार नाही."

"आणि तीन-एक?" अनुश्रीने विचारलं.

"ते ठेवून दे. मिल उघडली तर लागेल."

मोठ्या बाईंना त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. एक-तीन ऐकून कोणी फाटकाशी येणार नाही, ही त्यांची जबाबदारी. गल्लीतल्या दारोदार जाऊनही सांगितलं, हाताने आणि तोंडाने. पुढे दर सोमवारी ते साच्याच्या कोपऱ्यात येऊन बसायचे, गुडघे जिना चढू देत होते तोवर. अनुश्री देपालपूरला गेली, पण सुट्टीत, आणि आत्याचं डोकं खाऊन परत आली. सातवी, आठवी, दहावी. आता तिच्या बोलण्याची तक्रार शर्वरी करते. आज मला भलत्याच मुली वाजवतात, ज्यांनी साचा कधी बघितला नाही. पण गट बदला असं कोणी म्हणत नाही. पाळी बदला, असंच म्हणतात.

खिडकीतून फाटक अजून दिसतं. कुलूपही आहे, गंजलेलं. आतून पिंपळ उगवलाय.

मित्रांनो, तुम्हाला वाजवायला एक-तीन दिलंय, ते पोटभर वाजवा, मला काही होत नाही. माझं मागणं वेगळं आहे. पावसाळ्यात माझी साखळी तेवढी बघत जा. गंज दिसला तर खरवडा, तेलाचा हात फिरवा, हिंगाचा असला तरी चालेल. कारण तीन टोले आणि एक हे मी आत जपून ठेवलंय, आणि ते पुन्हा कधी खोटं वाजायचं नाही असं मी ठरवलंय. कृष्णराव अजून तीनच्या सुमाराला ओट्यावर येऊन बसतात. फाटकाकडे बघत नाहीत, माझ्या खिडकीकडे बघतात. तीन-एक ही त्यांनी ठेवायला दिलेली वस्तू आहे. माझ्याकडून गंजायला नको.